सत्तर हजार माइल्सची कवळी

माझी काकू दात बनवते. ती डॉक्टर नाही. डॉक्टर पेशंटच्या तोंडात हात घालतात, माप घेतात आणि ते माप काकूकडे पाठवून देतात. मग काकू स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसून, गुलाबी मेणात एकेक दात रोवत, कधीही न पाहिलेल्या माणसाची कवळी तयार करते. तीस वर्षं हेच चाललंय. खोलीभर प्लास्टरची पांढरी धूळ, फळीवर ओळीनं मांडलेले जबडे, आणि कोपऱ्यात पॉलिशचं मशीन. ते सुरू झालं की घरात कुणाला फोनवर बोलता येत नाही.

मी शिकायला म्हणून काका-काकूंकडे राहायला आले तेव्हा पहिले चार दिवस त्या खोलीकडे पाठ करून जेवायचे. पाचव्या दिवशी काकू म्हणाली, "तुझं पत्र आलंय. ते बघ, डावीकडच्या आजोबांकडे ठेवलंय." बघते तर एका जबड्यानं माझं पाकीट दातांत घट्ट धरलेलं. त्यानंतर माझी भीड चेपली.

काकू माणसं दातांवरून ओळखते. माझ्या मैत्रिणीच्या ठरलेल्या नवऱ्याचा फोटो दाखवला तर म्हणाली, "खालचे पुढचे दोन जरा एकमेकांवर चढलेत. बाकी गुणी वाटतो."

अशा बाईच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडात धड कवळी नसावी, हे काकूचं खरं दुखणं.

काकूची ताई लांब परदेशात राहते. एकटीच. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, आवाजावर जगलेली बाई. पूर्वी तिचा फोन आला की काका खुर्ची ओढून घ्यायचे, कारण पाऊण तास तरी नुसतं "हं" म्हणायचं असायचं. मग तिचे दात गेले. तिकडच्या कुणीतरी कवळी बसवली, ती बोलताना टाळ्या वाजवायची. ताईनं ती डबीत घालून कपाटात ठेवली, आणि बोलणंच सोडलं. अकरा वर्षांत भेट नाही, आणि आता फोनवरही काय तर, "बरी आहे. जेवले. ठेवते." तेही पडद्यावर तोंडापुढे पदरासारखा हात धरून. जेवण म्हणजे सूप आणि केळं.

काकूनं एकदा टपालानं प्रयत्न करून पाहिला होता. माप घ्यायची पावडर, साचा आणि दोन पानभर सूचना पाठवल्या. ताईनं पाणी जास्त घातलं, घट्ट होईना म्हणून साचा तोंडात धरूनच टीव्ही बघत बसली, आणि नको तितकं घट्ट झालं. शेवटी शेजारीण येऊन तिनं ते उपटलं. त्या मापावरून जी कवळी बनली ती उजेडात धरून काकू म्हणाली होती, "ही ज्याला बसेल त्याला चार पाय असणार."

"मग तू जा ना," मी म्हटलं होतं.

"तिकीट बघितलंयस? एकशे दहा कवळ्या होतात त्याच्या. वरची-खालची धरून."

घरात कुठलीही मोठी रक्कम कवळ्यांत सांगायची पद्धत आहे. फ्रीज अकरा कवळ्यांचा, माझी फी साडेसात.

आणि अशात बँकेच्या मुलीचा फोन आला. मशीन चालू असल्यामुळे काकूला अर्धंच ऐकू आलं, पण जे ऐकू आलं ते तिनं मशीन बंद करून पुन्हा म्हणायला लावलं.

"मॅडम, या कार्डावर घरची बिलं भरायची. वीज, पाणी, फोन, गॅस, काहीही. शंभराला चार माइल्स. माइल्स साठले की विमानाचं तिकीट फुकट."

"फुकट म्हणजे कसं फुकट?"

"फुकट म्हणजे फुकट, मॅडम."

"बिलं तर मी तशीही भरते!"

"तेच तर मॅडम!"

एका आठवड्यात कार्ड आलं, सोबत विमान कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक आलं, आणि ताईच्या गावापुढे छापलेला आकडा काकूनं लाल पेन्सिलनं गोल करून फळीवर, जबड्यांच्या मधोमध चिकटवला. सत्तर हजार.

पहिल्या महिन्यात घरची सगळी बिलं भरून माइल्स झाले एकशे एक्काण्णव.

काकांनी हिशोब केला. काका ग्रंथालयात होते, निवृत्त झाले तरी कुजबुजत बोलायची सवय गेलेली नाही. ते कुजबुजले, "तीस वर्षं लागतील."

"काय?"

"तीस वर्षं," ते जरा मोठ्यानं कुजबुजले.

"तोवर ताईला हिरड्यासुद्धा राहणार नाहीत!" काकू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी डबा आणि वही घेऊन जिना उतरायला लागली.

पद्धत साधी होती. इमारतीतल्या लोकांनी आपापली बिलं आणि रोख पैसे काकूला द्यायचे, काकू तिच्या कार्डानं बिलं भरणार, रोख पैसे बँकेत टाकून कार्ड फेडणार. लोकांचा खिडकीवरचा हेलपाटा वाचतो, काकूला माइल्स मिळतात. पण नुसत्या हेलपाट्यासाठी लोक कुठे विरघळतात? म्हणून काकूनं वर बक्षीस ठेवलं, बिल द्या, कवळी फुकट पॉलिश करून मिळेल. आणि ज्यांना स्वतःचे दात होते त्यांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून, चमचे, अंगठ्या, कुलपं, काहीही. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी दाराची पितळी मूठ उपटून आणली. महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे आमच्या घरी जत्रा. एका टेबलावर बिलं, दुसऱ्यावर कवळ्या, आणि मी प्रत्येक कवळीला मजल्याची चिठ्ठी लावतेय. एकदाच अदलाबदल झाली. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा आठवडाभर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या दातांनी जेवले आणि म्हणाले, पॉलिश केल्यापासून फार छान बसतेय. आजी मात्र अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

दोन वर्षांत पस्तीस हजार झाले. काकूला इमारतीतला प्रत्येक मीटर पाठ झाला. तळमजल्यावरच्या लाँड्रीवालीचं बिल सगळ्यात मोठं, म्हणून तिचा मान सगळ्यात मोठा. आणि एका महिन्यात तेच उतरलं.

"हे काय?" काकूनं बिल तिच्यासमोर धरलं. "निम्म्यानं कमी?"

"हो ना काकू! देवच पावला. ऊन चांगलं पडलं, लोकांनी कपडे घरीच वाळवले. ड्रायर लावावाच लागला नाही."

"धंदा बरा आहे ना पण? तब्येत? घरचे?"

"सगळं मजेत. का हो?"

"काही नाही. ड्रायर असा नुसता ठेवू नये. गंजतो."

घरात तर कहर. काका रिकाम्या खोलीतला दिवा मालवायला गेले की मागून आवाज यायचा, "अहो, राहू दे ना!"

"खोलीत कुणी नाही."

"माइल्स आहेत!"

शेवटी काकांनी एका कागदावर मांडून दाखवलं की जादा जाळलेल्या विजेच्या पैशांत दर महिन्याला अर्धी कवळी जातेय. काकूनं कागद दोनदा वाचला, उठली आणि घरातला प्रत्येक दिवा मालवत गेली. आम्ही तिघं अंधारात जेवलो. पण दुसऱ्यांचे दिवे तिला अजून सहन होत नव्हते, विझलेले असले की.

तिसऱ्या वर्षी बँकेचं पत्र आलं. जुने माइल्स तीन वर्षांनी बाद होतात. या महिनाअखेरीला पहिले अठरा हजार जाणार. काकूच्या खात्यात होते एकोणसत्तर हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे महिनाअखेरीच्या आत आणखी तीनशे बारा मिळवायचे, नाहीतर पुन्हा बावन्न हजारांशी येऊन बसायचं. पुढच्या वर्षाची पाणीपट्टी भरून झाली होती. लोकांचे फोन सहा-सहा महिने आगाऊ भरून झाले होते. पियानोबाई म्हणाल्या, "काकू, माझ्याकडे आता फक्त मूठ आहे."

उरले पहिल्या मजल्यावरचे हेडमास्तर.

हेडमास्तर निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण आपलं बिल त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही. घडीचं स्टूल काखेत मारून ते स्वतः जाऊन रांगेत बसत. त्या महिन्याचा शेवटचा दिवस, आणि मास्तरांची वर्षाची घरपट्टी भरायची राहिलीय अशी बातमी लाँड्रीवालीनं आणली. काकू हातातलं मेण तसंच टाकून धावली. मीही मागोमाग.

बिल भरायच्या कार्यालयात पंख्याखाली वीसेक माणसांची रांग. मधोमध स्टुलावर मास्तर, कोटाच्या वरच्या खिशात बिल.

"मास्तर, तेवढं बिल मला द्या," काकू धापा टाकत म्हणाली.

"नाही."

"फुकट भरून देते असं नाही म्हणत. पैसे तुमचेच, कार्ड माझं."

"बाई, तीन वर्षं तुम्ही विचारताय आणि तीन वर्षं मी नाही म्हणतोय. तुमची चिकाटी चांगली आहे. उत्तर तेच."

"पण का हो? इथे तासभर ताटकळायचं, त्यापेक्षा—"

"मला आवडतं!" मास्तर म्हणाले, आणि पुढच्या तीन माणसांनी वळून पाहिलं. "महिन्यातून एकदा मी इस्त्रीचा शर्ट घालतो. या रांगेत माझे चार माजी विद्यार्थी भेटतात. हा पुढचा बघा, नववीत दोनदा बसला. बिल तुम्हाला दिलं तर मी शर्ट कुठे घालून जाऊ?"

पुढच्यानं मान खाली घातली. वय असेल पंचावन्न.

काकू मास्तरांच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली आणि ताईची सगळी गोष्ट सांगितली. एक्स्चेंज, टाळ्या वाजवणारी कवळी, तोंडावरचा हात, केळं. रांग एकेक पाऊल सरकत होती. मास्तर स्टुलासकट सरकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे बोलणारी बाई गप्प झालीय."

"चार वर्षं झाली."

"आणि तुम्हाला बिल नकोय, फक्त तुमचं कार्ड लागायला हवं."

"बस, एवढंच."

"मग रांगेतून मला का उठवताय? माझ्याबरोबर उभ्या राहा. खिडकीशी गेलो की मी बिल देईन, तुम्ही कार्ड द्या. आणि मागे ताटकळत उभं राहायचं, मधे घुसायचं नाही."

काकू रांगेत उभी राहिली. आयुष्यात कुठल्या रांगेत कुणी इतक्या आनंदानं उभं राहिलं नसेल.

खिडकीशी पोचलो तर आतल्या बाई म्हणाल्या, "कार्ड? कार्ड कुणी देतच नाही इथे."

"मशीन आहे ना पण?"

"आहे." बाईंनी खालचा खण ओढला. मशीन होतं. खोक्यात, प्लास्टिकच्या वेष्टनात. "चार्ज नाहीये."

"करा ना चार्ज!"

"एकच प्लग आहे. त्याला पंखा आहे."

काकूनं मागे वळून पाहिलं. रांगेनं पंख्याकडे पाहिलं. तेव्हा मास्तर स्टुलावरून उठले, पाठ ताठ केली आणि वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "पंख्यावाचून कोण मरतं रे इथे?"

"कुणी नाही सर," नववीत दोनदा बसलेला म्हणाला.

पंखा बंद झाला. मशीन लावलं. वीसेक माणसं घामाघूम होऊन एका इवल्याशा लाल दिव्याकडे बघत बसली. खिडकी बंद व्हायला सात मिनिटं असताना दिवा हिरवा झाला, काकूनं कार्ड घातलं, आणि मशीननं पावतीची लांबलचक जीभ बाहेर काढली. कुणीतरी टाळी वाजवली. मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"मास्तर," काकू निघताना म्हणाली, "तुमची वरची जरा सैल आहे. 'स' म्हणताना वारा सुटतो. घेऊन या, बसवून देते."

"ते माझं मी बघेन," मास्तर म्हणाले. दोन दिवसांनी गुपचूप घेऊन आले.

संध्याकाळी खात्यात सत्तर हजार आठ. काकूनं विमान कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. काका आणि मी दोन्ही बाजूंना.

"सत्तर हजार आहेत माझ्याकडे. वर आठ आहेत, ते तुम्हाला ठेवा."

"अभिनंदन मॅडम. कधी जायचंय?"

"लवकरात लवकर. आणि दीड महिन्यानं परत."

"परतीचं तिकीट वेगळं, मॅडम. सत्तर हजार एका बाजूचे."

काकूनं फोनकडे पाहिलं. मग फळीवरच्या माहितीपत्रकाकडे. काकांनी चष्मा लावून जवळ जाऊन वाचलं, आणि लाल वर्तुळाच्या अगदी कडेला असलेल्या छोट्या ताऱ्यावर बोट ठेवलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं.

"एका बाजूचे?" काकू म्हणाली. "म्हणजे अर्धंच तिकीट?"

"एका बाजूचं पूर्ण तिकीट, मॅडम."

"अहो बाई, आमच्यात सेट म्हटलं की वरची आणि खालची. कुणी मला कवळी सांगितली आणि मी नुसती वरची देऊन टाकली, तर तो चावणार कशानं? भिंतीनं?"

"मॅडम, मी माझ्या सीनियरशी बोलू का?"

"त्यांना दात आहेत का विचारा!"

मी फोन घेतला आणि होल्डवर टाकला. खोलीत प्लास्टरचे जबडे आ वासून बसले होते, आणि आम्ही तिघंही साधारण तसेच.

तीस वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईलाच ही चूक व्हावी. दुसऱ्या कुणीही दोन बाजू विचारल्या असत्या. काकूच्या डोक्यात एक नग म्हणजे जोडीच.

काका हळूच म्हणाले, "थांबूया का अजून तीन वर्षं?"

"अठरा हजार आज जातायत."

"हो."

"आणि ताई एकाहत्तरची आहे."

"हो." काकांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांच्या मानानं ते ओरडलेच, म्हणजे मला नीट ऐकू आलं. "मग जा तू. जायचं तिकीट काढ. यायचं मागाहून बघू."

"आणि तुम्ही?"

"सोमवारची बिलं मी घेईन."

"तुमचं बोलणं जिन्यात कुणाला ऐकू जाणार आहे?"

"लिहून देईन."

काकूनं होल्ड काढला. "काढा. एका बाजूचं."

पंधरा दिवसांत ती गेली. बॅगेत दोन साड्या, बाकी सगळं प्लास्टर, मेण, एक हातातलं छोटं पॉलिश मशीन आणि दातांच्या पाच पेट्या, पाच छटांच्या. तपासणीच्या ठिकाणी बॅग उघडायला लावली तेव्हा तिथला माणूस म्हणे बराच वेळ दातांकडे बघत राहिला. काकूनं त्याला सांगितलं की काळजी करू नका, यातला एकही तुमचा नाही.

तिकडे पोचून दहाव्या दिवशी तिनं ताईच्या तोंडात कवळी बसवली. पहिला फोन मी घेतला. ताई पडद्यावर आली, तोंडावर हात नव्हता, आणि तिनं बोलायला सुरुवात केली. काकांनी खुर्ची ओढून घेतली. एक तास दहा मिनिटं. शेजारीण कशी आहे, टपालवाला कसा आहे, केळ्याचं तोंड पुन्हा बघणार नाही, आणि, "हिनं माझ्या गल्लीत काय मांडलंय माहितेय का तुम्हाला? दारोदार फिरतेय! बिलं मागत! समोरच्या म्हाताऱ्याला तर तिनं सांगितलं की बिल द्या, दरवाजाची मूठ चकचकीत करून देते. त्याला वाटलं ही चोर आहे!"

मागून काकू ओरडली, "आता देतो तो बिल! गॅसचंसुद्धा!"

इकडे काका सोमवारी वही आणि त्याच खात्याचं दुसरं कार्ड घेऊन जिना उतरतात. कुणाला काही ऐकू येत नाही, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. दोन्हीकडची मिळून परतीची बेरीज जोरात चढायला लागली. काकूचा दीड महिना उलटला, मग तीन महिने झाले.

मागच्या आठवड्यात काकूचा फोन आला, एकटीचा, दबक्या आवाजात. मला वाटलं आजारी बिजारी आहे.

"काकू, तू का कुजबुजतेयस? काकांचं लागलं का तुला?"

"ताई आत आहे. ऐक. रोज सकाळी म्हणते इथे टोचतंय. घासून दिलं की दुसऱ्या दिवशी म्हणते तिथे टोचतंय. परवा डावीकडे, काल उजवीकडे."

"मग मापात चुकली असेल."

"मी? मापात?" कुजबुजतानासुद्धा तिला चिडता येतं हे मला नव्यानं कळलं. "चपखल बसलीय गं. काही टोचत नाहीये तिला. काल भाजलेलं कणीस खाल्लं आख्खं, माझ्यासमोर."

"मग तू काय करतेस?"

"काय करणार? कवळी घेते, खिडकीत बसते, मशीन चालू करते, आणि लांब धरते. पाच मिनिटं नुसता आवाज. मग धुऊन परत देते. ती घालते आणि म्हणते, आता जरा बरं वाटतंय, पण अजून दोन-चार दिवस बघावं लागेल."

"आणि तू?"

"मी म्हणते, हो, बघावं लागेल."

"काकू, परतीचे माइल्स किती झाले?"

तेवढ्यात फोनवर मागून ताईचा आवाज आला, खणखणीत, एक्स्चेंजमधला, दोन खोल्या ओलांडून. काय म्हणतेय ते मला इथे स्पष्ट ऐकू आलं.

"हो ताई, आले!" काकू ओरडली. "तोंड उघडून ठेव. कुठे टोचतंय आज?"